फोनला किती कामं सांगायची?

तळेगाव-चाकण रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्याला गाडीत कॅमेरा कशाला हवा, हे समजावून सांगावं लागत नाही. एका अंगाला कंटेनर, दुसऱ्या अंगाने उलट दिशेने घुसणारे दुचाकीवाले, मध्येच ब्रेक मारणाऱ्या कंपन्यांच्या बस आणि पावसाळा सरला तरी न बुजलेले खड्डे. मी चाकणच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते आणि गाडी स्वतः चालवते. इथे गाडीला गाडी लागली की निकाल आवाजावर लागतो. ज्याचा आवाज चढा, त्याची बाजू खरी. त्यातून स्टिअरिंगवर बाई असली की जमलेल्या मंडळींना पुढचं काही ऐकायचंच नसतं.

त्यामुळे रेकॉर्डिंग हवं, याबद्दल घरात दुमत नव्हतं. वाद होता तो खर्चाचा. हातातल्या फोनला एवढा चांगला कॅमेरा असताना तीन-चार हजार घालून वेगळा डबा कशाला चिकटवायचा, असं नवऱ्याचं म्हणणं. चित्राच्या बाबतीत त्याचं चूक नव्हतं. त्या किमतीच्या डॅशकॅमपेक्षा बऱ्या फोनचं चित्र नक्कीच स्वच्छ येतं. त्याने एक फुकटचं अ‍ॅप टाकून दिलं, काचेला स्टँड लावला, आणि वर नकाशा, मागे रेकॉर्डिंग अशी सोय झाली.

थंडीत ती सोय छान चालली. मार्च उजाडला आणि फोन रुसायला लागला. सकाळी मी पूर्वेला जाते, संध्याकाळी पश्चिमेला येते, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य समोर. काचेला लावलेल्या फोनच्या पाठीवर थेट ऊन, आतून कॅमेरा चालू, जीपीएस चालू, वर चार्जिंग. आधी स्क्रीन अंधुक व्हायची, मग चार्जिंग थांबायचं, मग तापमानाची सूचना येऊन रेकॉर्डिंग बंद. यात फोनचा दोष म्हणता येणार नाही. अ‍ॅपल आयफोनसाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस हवामान सांगते आणि उभ्या गाडीत फोन ठेवू नका असंही बजावते. दिवसभर कंपनीच्या उघड्या पार्किंगमध्ये भाजलेल्या गाडीत संध्याकाळी पाचला 35 अंश कुठून आणायचे?

तापण्यापेक्षा मला जास्त खटकली ती दुसरी गोष्ट. रस्त्यात काही झालं की आपला हात पहिल्यांदा जातो तो फोनकडे. घरी कळवायचं, 112 लावायचा, समोरच्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढायचा, विम्याचे कागद दाखवायचे. म्हणजे ज्या क्षणासाठी रेकॉर्डिंग लावलं, नेमक्या त्याच क्षणी आपण कॅमेरा स्टँडवरून उपटून हातात घेतो. समोरचा पुढे काय बोलला, गाडी पुढे घेऊन पळाला का, यातलं काहीच त्यात येत नाही. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2020 साली झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातल्या फोनचा वापर फक्त रस्ता शोधण्यापुरताच चालतो. सिग्नलला थांबल्यावर रेकॉर्डिंग चालू आहे ना म्हणून मी स्क्रीनवर बोट फिरवत असेन, तर बाहेर उभ्या हवालदाराला त्यातला फरक काय कळणार?

मग कपाटातला जुना फोन काढायची टूम निघाली. ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी तोच सल्ला दिला होता. जुना फोन गाडीतच राहणार, त्यावर कुणाचा कॉल येणार नाही, ऐकायला झकास. पण लिथियम बॅटरीला ऊन सोसत नाही आणि म्हाताऱ्या बॅटरीला तर मुळीच नाही. एप्रिल संपता संपता त्या फोनचं मागचं झाकण एका कडेने उचललेलं दिसलं. बॅटरी फुगली होती. नवऱ्याने तो फोन गाडीतून उतरवला आणि डॅशकॅमचा विषय स्वतःच काढला.

दुकानात मी एकच प्रश्न धरून बसले: आत बॅटरी आहे की कॅपॅसिटर? मुलगा आधी गोंधळला. त्याला 4के विकायचं होतं. कॅपॅसिटरमध्ये वीज फार साठत नाही, गाडी बंद झाली की चालू असलेली फाईल नीट बंद करण्यापुरतीच. पण तो उन्हाला बॅटरीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काचेला चिकटून राहणाऱ्या वस्तूला याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही. 4केचं मी मनावर घेतलं नाही. रात्री नंबरप्लेट वाचता येत नाही ती पिक्सेल कमी म्हणून नव्हे. आपल्या हेडलाइटचा उजेड नव्या चकाकणाऱ्या प्लेटवरून परत येतो आणि नंबराच्या जागी नुसता पांढरा चौकोन दिसतो. दुकानातच दोन कॅमेऱ्यांचं रात्रीचं चित्र बघायला मागितलं आणि त्यातल्या त्यात बरा होता तो घेतला.

वायर मात्र त्याला घाईत बसवू दिली नाही. काचेच्या कडेच्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते. वायर तिच्या पुढून नेली तर बॅग फुटताना वायर मध्ये येणार. ती मागून न्यायला लावली. फ्यूजबॉक्सला हात न लावता पॉवर सॉकेटमधून वीज घेतली. त्यामुळे गाडी उभी असताना रेकॉर्डिंग होत नाही, पण वॉरंटीवरून पुढे तोंड वाजवायला नको.

डॅशकॅमचा खरा गुण म्हणजे तो विसरता येतो. किल्ली फिरवली की चालू, बंद केली की बंद. तीन-तीन मिनिटांच्या फाईली करत जातो आणि कार्ड भरलं की सगळ्यात जुनी पुसून तिच्या जागी नवी लिहितो. 64 जीबीच्या कार्डावर फुल एचडीचे साधारण आठ-नऊ तास मावतात. मात्र हेच चक्र सतत फिरत असल्यामुळे साधं कार्ड लवकर झिजतं. कॅमेऱ्यांसाठी वेगळं टिकाऊ कार्ड मिळतं, तेच घ्यायचं.

आमच्या रस्त्याने त्यालाही एक धडा दिला. धक्का बसला की ती फाईल अपघाताची समजून कॅमेरा तिला कुलूप लावतो, म्हणजे ती पुसली जात नाही. कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर त्याला चाकणचा प्रत्येक खड्डा अपघात वाटायचा. काही दिवसांत कार्ड कुलूपबंद खड्ड्यांनी गच्च भरलं आणि नवं काही लिहायला जागा उरेना. ते सेन्सर सगळ्यात खालच्या पायरीवर आणलं तेव्हा कुठे गाडं रुळावर आलं.

त्याचा उपयोग झाला तो महाळुंग्याच्या बाजूला, चढावर. ट्रॅफिक तुंबलेला, माझ्यापुढे मालाने भरलेला टेम्पो. तो हळूच मागे सरकला आणि माझ्या बंपरवर बसला. चालक उतरला तोच बोट नाचवत. "मॅडम, मागून ठोकता आणि वर हॉर्न मारता?" मागची गाडी दोषी, हे आपल्याकडे गृहीतच असतं. दोन दुचाकीवाले त्याच्या बाजूने उभेसुद्धा राहिले. मी म्हटलं, "दादा, दोन मिनिटं थांबा, कॅमेऱ्यात आहे सगळं." ती दोन मिनिटं काही दोन मिनिटांची नव्हती. फुटेज फोनवर बघायला कॅमेऱ्याचं वायफाय जोडावं लागतं, ते जोडलं की फोन इंटरनेट नाही म्हणून कुरकुरतो आणि परत आपल्या नेटवर्कवर उडी मारतो. घाम फुटला. शेवटी मोबाईल डेटा बंद केला तेव्हा चित्र आलं. माझी गाडी जागच्या जागी, बॉनेटची कड स्थिर, रस्त्याकडेचा विजेचा खांब चौकटीत हलत नाही, आणि टेम्पोचा पाठीमागचा फाळका मोठा मोठा होत येतोय. त्या खांबाकडे बोट दाखवल्यावर वाद मिटला. चालकाने मालकाला फोन लावला, मालकाने क्लिप मागवून घेतली आणि बंपरचे पैसे द्यायचं कबूल केलं. ते मिळालेही, थोडी घासाघीस होऊन.

पुढे एका ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की प्रकरण कोर्टात गेलं असतं तर नुसती व्हॉट्सअ‍ॅपवरची क्लिप पुरली नसती. 1 जुलै 2024पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आहे. त्याच्या कलम 63प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि त्यात फाईलची हॅश किंमतही लिहायची असते. म्हणून मूळ कार्ड काढून बाजूला ठेवायचं आणि गाडीत दुसरं घालायचं, हा त्यांचा सल्ला. हे ऐकताना मला परत फोनच आठवला. कार्ड पाकिटात घालून पोलिसांच्या हातात देता येतं. बँक, ओटीपी, मुलीच्या शाळेचे निरोप असं सगळं ज्याच्यात आहे तो फोन कोण जमा करणार?

महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्याने फोनवर भागवायला हरकत नाही, उन्हात नसेल तर. रोजच्या माणसाने भागवू नये, असं माझं मत झालंय.

दोन कटकटी शिल्लक आहेत. टेम्पोवाल्याला दाखवलेल्या क्लिपमध्ये शेजारच्या सीटवरच्या माझ्या सहकारिणीने साहेबांबद्दल काढलेले उद्गारही होते, नशीब तो हसला आणि विसरला. त्या दिवसापासून माइक बंद आहे आणि गाडीत बसणाऱ्याला मी कॅमेऱ्याबद्दल आधी सांगते. दुसरी कटकट घरातली. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात जीपीएसवरून वेग उमटतो. एक्स्प्रेसवेच्या घाटात कारला 60ची मर्यादा आहे, आणि रविवारी गाडी नवरा चालवतो. आपलाच पुरावा आपल्यावर उलटेल म्हणून तो वेगाचा आकडा बंद करतो. सोमवारी मी चालू करते.