वैशाखातले सावरगाव

लहान गावाच्या वाट्याला वर्षातून एखादाच दिवस वर्तमानपत्रात येण्याचा असतो, आणि तोही बहुधा वाईट कारणाने. सावरगावचे तसेच झाले आहे. मध्यप्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, नागपूरपासून शंभरेक किलोमीटरांवर जाम नदी वाहते. तिच्या एका काठी पांढुर्णा आणि दुसऱ्या काठी सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, या दोन काठांवरची माणसे एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. गोटमार म्हणतात ती हीच. त्या दिवशी बाहेरगावचे बातमीदार येतात, छायाचित्रे निघतात, दुसऱ्या दिवशी जखमींचा आकडा छापून येतो. आणि मग पुढच्या पोळ्यापर्यंत सावरगाव नावाचे गाव भूतलावर आहे याची कोणाला आठवण राहत नाही.

मला लिहायचे आहे ते वर्षाच्या उरलेल्या दिवसांविषयी, आणि त्यातही उन्हाळ्याविषयी. या काळात गावात जे घडते ते कोणी छापत नाही. परंतु एका दिवसाच्या वर्तनावरून माणसाचे चारित्र्य ठरवू नये हा जो नियम आम्ही वकील मंडळी न्यायालयात सांगत असतो, तो गावालाही लागू करायला हरकत नसावी. माझे घर पांढुर्ण्याच्या काठी आहे आणि थोरली बहीण दिली आहे ती सावरगावात. यात नवल काही नाही. या दोन काठांत सोयरिकी इतक्या झाल्या आहेत की मामा एका तीरावर आणि भाचा दुसऱ्या, अशी घरे गल्लोगल्ली सापडतील.

आमचा मुलूख मराठी आहे, हे समुद्रकाठच्या वाचकांना कदाचित सांगावे लागेल. १९५६ पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी नागपूरच होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि छिंदवाडा जिल्ह्यातला सौसर-पांढुर्ण्याचा हा मराठी टापू मध्यप्रदेशात राहिला. तेव्हापासून आमचे भांडण मराठीत होते आणि दावा हिंदीत लागतो. २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हा झाला. कलेक्टरकचेरी जवळ आली, बोली जिथल्या तिथे राहिली. सीमेवरच्या भाषेचे हे दुखणे कारवार-गोव्याकडच्या मंडळींना परके नाही.

आमच्याकडे उन्हाळ्याची पहिली वर्दी झाडे देतात. फाल्गुनात पळस आणि काटेसावर, दोन्ही लालभडक होतात. सावर हे काटेसावरीचेच नाव. गावाचे नावही तिच्यावरूनच पडले असावे. चैत्र सरत आला की सावरीची बोंडे फुटून कापूस वाऱ्यावर उडू लागतो आणि पळसाला नवी पाने येतात. मग बातम्या सुरू होतात त्या पाण्याच्या. कोणाची विहीर आटली, कोणाच्या बोअरला अजून धार आहे, टँकर कोणत्या आळीत आला. संत्र्याच्या बागांना मृगबहारासाठी ताण देण्याचे दिवस हेच. झाडाचे पाणी तोडायचे, पाने मलूल होऊ द्यायची, आणि पाऊस पडताच त्याने फुलावे म्हणून आभाळाकडे पाहत बसायचे. झाडाला दिलेला ताण मालकाच्याही चेहऱ्यावर दिसतो. नवतप्याच्या नऊ दिवसांत तर दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही.

आणि तरीही गाव याच दिवसांत सर्वांत अधिक जागे असते. रामनवमी झाली की सहा दिवसांनी हनुमानजयंती येते. सौसरजवळ जामसावळी येथे पिंपळाखाली निजलेल्या मारुतीचे स्थान आहे. इतरत्र उभा, उड्डाण करणारा किंवा द्रोणागिरी उचलणारा मारुती आपण पाहतो. इथे तो आडवा पहुडला आहे, आणि लोक त्याच्या पायांशी आपापली दुखणी आणून ठेवतात. चैत्री पौर्णिमेला तिथे जाणाऱ्या गाड्यांत पांढुर्ण्याचे कोण आणि सावरगावचे कोण हे कोणी विचारत नाही. ३० एप्रिलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती. १९०९ साली अमरावती जिल्ह्यात यावली येथे जन्मलेल्या या खंजिरीवाल्या साधूने विदर्भाच्या आणि आमच्या गावोगावी सामुदायिक प्रार्थनेची जी सवय लावली, ती राज्याची सीमा बदलल्याने मोडली नाही. त्यामागून सप्ताह, भागवतकथा, मुलांची शिबिरे आणि लग्नसराई. दिवाणी न्यायालयाला सुटी असल्यामुळे मलाही या सर्व ठिकाणी हजेरी लावणे चुकवता येत नाही. किंबहुना चुकवावेसे वाटत नाही.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. नवी मातीची घागर, थंड पाणी, आंब्याचा रस, चिंचवणी, कुरडया, आणि पान पळसाचे. या भागातल्या पंगती पळसाच्या पत्रावळीवरच उठत आल्या; आता कागदी पत्रावळी आल्या आहेत, परंतु पितरांसमोर ती ठेवायला अजून बायकांचे मन घेत नाही. उन्हाळ्यात ज्यांना तहान लागत असेल अशा सर्व गेलेल्यांना त्या दिवशी पाणी मिळावे, ही त्यामागची भावना. जिवंतांसाठी पाणपोई आणि गेलेल्यांसाठी घागर. कोणाही तहानेल्याला परत पाठवायचे नाही, हा या ऋतूचा धर्म आहे.

याच पळसाचे दुसरे रूप भाद्रपदात दिसते. पोळ्याच्या सुमारास सावरगावकर जंगलातून पळसाचे झाड आणतात, त्याची पूजा करतात, आणि प्रतिपदेच्या पहाटे ते झेंड्यासह नदीच्या मध्यभागी रोवतात. पांढुर्ण्याने तो झेंडा काबीज करायचा आणि सावरगावने तो राखायचा, असा हा सामना. कथा अशी सांगतात की पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून नेले. नदी ओलांडताना दोन्ही काठांवरून दगड सुटले आणि ती दोघे पाण्यातच गेली. मग दोन्ही गावांना पश्चात्ताप झाला, आणि त्यांनी ते देह चंडीमातेपुढे नेऊन ठेवले. आजही सायंकाळपर्यंत झेंडा पडला नाही तर दोन्ही पक्ष आपसांत ठरवून तो काढतात आणि चंडीमातेच्या चरणी वाहतात. मी ज्या व्यवसायात आहे त्याच्या परिभाषेत सांगायचे तर हा दावा अनेकदा तडजोडीच्या हुकूमनाम्याने निकाली निघतो. मात्र तडजोड होते ती शेकडो डोकी फुटल्यानंतर.

या प्रथेने घेतलेल्या बळींची यादी १९५५ सालापासून छापली जाते आणि तिच्यातली नावे दहाहून अधिक आहेत. कायद्याने आपले सर्व उपाय करून पाहिले. १९७८ आणि १९८७ या दोन वर्षी पोलिसांचा गोळीबार झाला आणि त्यातही माणसे गेली. पूर्वी दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली मनाईहुकूम निघत. २०२४ च्या जुलैपासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन झाले. लोक पुन्हा दगडांकडेच वळले. रूढीला कायद्याचे बळ मिळायचे तर ती प्राचीन, निश्चित आणि वाजवी असावी लागते, असे आम्ही शिकलो. गोटमारीचे प्राचीनत्व कोणी नाकारत नाही. तिसऱ्या कसोटीवर मात्र तिच्या बाजूने उभे राहणे मला जमणार नाही.

हे मी दूरस्थ न्यायाधीशाच्या भूमिकेतून म्हणत नाही. गेल्या पोळ्यानंतर माझ्या भाच्याच्या भुवईवर चार टाके पडले. तो सावरगावचा, म्हणजे तो दगड आमच्या काठावरून आला होता. कोणाच्या हातून सुटला हे कधीच कळणार नाही, आणि कदाचित ज्याच्या हातून सुटला त्याच्या घरच्या लग्नात आम्ही दोघेही या वैशाखात जेवून आलो असू. पुलाजवळच्या पाणपोईचे रांजण भरताना तो मला म्हणाला, “मामा, तुम्ही कोर्टात भांडता ते चालते, आणि आम्ही नदीत भांडलो तर वाईट?” मी म्हटले, “अरे, आमच्या भांडणात डोळा जात नाही.” तो हसला, पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर तेवढ्याने झाले नव्हते. त्याला वर्षातून एक दिवस गावासाठी छाती काढून उभे राहायचे असते. ती हौस मनाईहुकुमाने मारता येत नाही. तिला दुसरे काम द्यावे लागते.

शेजारीच बसलेले एक वृद्ध गृहस्थ कोरड्या पात्राकडे पाहत बोलले, “वकीलसाहेब, दगड तर बाराही महिने इथंच पडून असतेत जी. आता त्याईवर बसून पोट्टे क्रिकेट पाह्यतेत.” ते खरेच होते. वैशाखात जामच्या पात्रात पाण्यापेक्षा गोटेच जास्त. त्यांतून दोन्ही काठांची माणसे दिवसभर ये-जा करतात, आणि संध्याकाळी मुले दोन्ही गावांचे मिश्र संघ करून खेळतात.

पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. दगड फेकण्याची प्रथाही केवळ आमच्याकडेच नाही. उत्तराखंडात देवीधुरा येथे वाराही देवीच्या स्थानी राखीपौर्णिमेला बग्वाळ होते. तिथेही दगडच चालत. २०१३ साली तिथल्या उच्च न्यायालयाने दगडांना मनाई केली, आणि तेव्हापासून फळे आणि फुले फेकण्याचा प्रघात पडला. अधूनमधून दगड सुटतो असे ऐकू येते, परंतु देवीचा उत्सव थांबला नाही. दूर कशाला, ज्या दिवशी आमच्याकडे गोटमार त्याच दिवशी नागपुरात मारबती निघतात. काळ्या आणि पिवळ्या मारबतीबरोबर गावाची सगळी रोगराई, सगळा राग शिव्याशापांसह वेशीबाहेर नेऊन जाळतात. रागाला वाट मिळते आणि कोणाचे डोके फुटत नाही. एकाच तिथीची ही दोन रूपे आहेत.

श्रद्धेच्या गर्दीची काळजी तुम्हालाही आहे. २०२५ च्या मे महिन्यात, ३ तारखेच्या पहाटे, शिरगावच्या लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, तेव्हा आम्ही इकडे ती बातमी आपल्याच घरची म्हणून वाचली. होमखंडावरून चालणारे धोंड आणि नदीत उतरणारे आमचे पोरगे, दोघांचीही आई घरी दिवा लावून बसलेली असते.

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच, की वेळ चुकते आहे. शांततेच्या बैठका श्रावणात भरतात, जेव्हा पक्ष पडलेले असतात आणि हाताला खाज सुटलेली असते. बोलणी व्हायला हवीत ती वैशाखात, जेव्हा दोन्ही काठांचे वडीलधारे एकाच पंगतीत मांडीला मांडी लावून बसतात, आणि हाच विषय तेवढा कोणी काढत नाही. जी तडजोड सायंकाळी होऊ शकते ती चार महिने आधी होऊ शकत नाही, हे मला पटत नाही. शिवाय कथेचा अर्थ लावायचाच तर गोटमार हे युद्ध नसून श्राद्ध आहे. दोन जिवांना मारल्याचा तो गावाने केलेला शोक आहे. शोक करायला दगड कशाला लागतो? अक्षय्य तृतीयेला दोन्ही गावांनी मिळून त्या दोन अनाम जिवांच्या नावाने नदीच्या पात्रात एक घागर भरावी, आणि पळसाचा झेंडा पोळ्यानंतर दोन्ही काठांच्या खांद्यांवरून चंडीमातेकडे न्यावा, असे मी या लग्नसराईत चार ठिकाणी बोलून पाहिले. दोन ठिकाणी लोक हसले, एका ठिकाणी विषय बदलला. चौथ्या ठिकाणी माझी बहीण होती. ती म्हणाली, “घागर मी आणते, दादांना तू विचार.” दादा म्हणजे तिचे सासरे, त्यांनी तरुणपणी तीन वेळा झेंडा राखला आहे. त्यांनी अजून नाही म्हटलेले नाही.

कोकणात गाऱ्हाणे घालून, सर्वांना विचारून देवाचे काम बदलण्याची रीत आहे. कितीएक देवस्थानांत पशुबळीच्या जागी कोहळा आला. तो एका दिवसात आला नसणार. कोणीतरी प्रथम बोलले असेल, कोणी रागावले असेल, कोणी देवाचा कौल मागितला असेल. ज्या वाचकांच्या घरांतून ही हकीकत आठवणीत असेल त्यांनी ती अवश्य लिहून कळवावी. पुढचा वैशाख येण्यापूर्वी ती मला सावरगावात वाचून दाखवायची आहे.