पोहरादेवीचा उन्हाळा

वऱ्हाडांतील व त्याच्या सीमेवरील तीर्थांचीं नांवें घ्यावयास सांगितलें, तर आमच्या बहुतेक वाचकांच्या तोंडीं प्रथम कारंजा येईल, मग माहूर येईल. पोहरादेवी क्वचितच येईल. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांतील हें लहानसें गांव. परंतु ज्या बंजारा समाजाच्या बैलांनीं एके काळीं साऱ्या देशास मीठ व धान्य पोंचविलें, त्या समाजाची ही काशी आहे. संत सेवालाल महाराजांची समाधि येथें आहे, जगदंबेचें देऊळ आहे, आणि रामनवमीस जी यात्रा भरते तिला कर्नाटक, आंध्र व तेलंगण या प्रांतांतूनही माणसें लोटतात.

आम्ही गेलों तें यात्रा पांगल्यावर, चैत्र संपतां संपतां. घरांतील धाकट्या वहिनींची बदली त्या भागांत झालेली. मुलींच्या शाळेस सुटी. तेव्हां आत्याबाई, दोघी मुली व आम्ही असा सर्व परिवार वाशीमहून मंगरूळपीर, मानोरा करीत तेथें दाखल झाला. वऱ्हाडच्या उन्हाळ्याविषयीं कोणीं कांहीं न लिहिलेलेंच बरें. सकाळीं दहा वाजतां दारें लावून घ्यावयाचीं, तीं सायंकाळीं पांचापर्यंत उघडावयाचीं नाहींत. या बंद दारांआडच्या सात तासांत मुलींनीं करावें काय, हा प्रश्न होता, आणि वहिनींनीं त्याचें उत्तर आधींच योजून ठेविलें होतें. एका कोपऱ्यांत दोन टकळ्या, एक पेटीचरखा, पळसाच्या वाळलेल्या फुलांचें गांठोडें आणि हिरड्यांची पिशवी, अशी सामुग्री मांडलेली होती. या उन्हाळ्यांत सुताचें सर्व कांहीं शिकावयाचें, असा त्यांचा बेत.

आरंभ कापसापासून झाला. वऱ्हाड म्हणजे कापसाचें माहेर, ही समजूत घेऊन आम्ही गेलों होतों. पण वाशीम जिल्ह्यांत पाहावें तिकडे सोयाबीनचें राज्य. जो कापूस आहे तो बहुतेक लांब धाग्याचा, अमेरिकन जातीचा. त्यांतही २००२ पासून बी.टी. वाणांचा प्रसार झाला. ज्या देशी कापसानें या प्रांतास नांव मिळवून दिलें त्याचा धागा आंखूड व चिवट. इंग्लंडच्या बाजारांत तो ‘ऊमरा’ या नांवानें, म्हणजे आपल्या उमरावतीच्या नांवानें, ओळखला जाई. १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवीच्या वर्षांत त्याला सोन्याचा भाव आला, आणि १८७० मध्यें केवळ कापसाकरितां खामगांवास आगगाडीचा फांटा नेण्यांत आला. लँकेशायरच्या यंत्रांना हा आंखूड धागा मानवत नसे. हातांच्या बोटांना मात्र तो उत्तम मानवतो. वहिनींनीं कोठून तरी तसा थोडा कापूस मिळविला होता.

सरकी काढून, कापूस पिंजून, पेळू करीपर्यंत दोन दिवस गेले. टकळीवर पहिल्या दिवशीं मुलींनीं काढलें तें सूत नव्हतें, दोरखंड व कोळ्याचें जाळें यांचें मिश्रण होतें. सुताचा नंबर कसा ठरतो हें मोठ्या मुलीनें विचारलें. एका पौंडांत ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका नंबर. म्हणजे वीस नंबरी सुताच्या एका पौंडांत १६,८०० यार्ड धागा. हा हिशोब ऐकून धाकटीनें आपलें सूत नंबर एक असल्याचें अभिमानानें जाहीर केलें. येरवड्याच्या तुरुंगांत गांधीजींनीं ज्या पेटीचरख्याचा आराखडा परिपक्व केला, त्याच्यावर बसल्यावर काम पुष्कळ सुधारलें. दुपारच्या शांततेंत त्याच्या चाकाचा आवाज ऐकत पडण्यांत आम्हांस तरी मोठें सुख वाटे.

रंगकाम हें त्याहून रंजक. आजकाल नैसर्गिक रंग म्हटलें कीं लोक डोळे मिटून वाहवा करतात. वस्तुस्थिति अशी कीं सुती कापड रंगाला सहज वश होत नाहीं. प्रथम तें उकळून त्यांतील खळ व तेलकटपणा काढावा लागतो, मग हिरड्याच्या काढ्यांत बुडवून वाळवावें, मग तुरटीचें पाणी द्यावें. तेव्हां कोठें रंग धाग्यास घट्ट धरतो. त्याच हिरड्यावर तुरटीऐवजीं लोखंडाचें पाणी दिलें तर कापड काळें होतें. पळसाच्या फुलांनीं आमच्या धाग्यास असा केशरी-पिंवळा रंग चढला कीं मुली नाचूं लागल्या; पण वहिनींनीं त्यांतील दोन लडी मुद्दाम अंगणांत उन्हांत टांगल्या, आणि आठवड्याभरांत त्या फिक्या पडल्या. पळस होळीपुरता रंग, साडीपुरता नव्हे. टिकाऊ लाल हवा तर आल किंवा मंजिष्ठा यांचीं मुळें. पूर्वीं आलीची लागवड वऱ्हाडांत होत असे. १८६९ मध्यें जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं मंजिष्ठेतील तांबडें द्रव्य डांबरापासून तयार करण्याचा मार्ग काढला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तीं शेतें ओस पडलीं. १८९७ मध्यें कृत्रिम नीळ बाजारांत आली आणि निळीचेंही तेंच झालें. रंगारी राहिला, त्याच्या मडक्यांतील माल मात्र पुडींतून येऊं लागला.

विणकाम पाहण्यास आम्ही एके पहांटे जवळच्या धनगरवाड्यांत गेलों. घोंगडें विणणारे एक वृद्ध गृहस्थ खड्ड्याच्या मागावर बसले होते. काळ्या मेंढीची लोकर, तिला रंग नको. घरच्या बायकांनीं कांतलेला धागा. ताण्यास चिंचोक्याची खळ. खळ नसेल तर लोकरीचे तंतु एकमेकांत गुंततात आणि धोटा पुढें सरकत नाहीं. त्यांचा मुलगा पुण्यास कारखान्यांत आहे. विकत कोण घेतें, असें विचारतां ‘देवाले लागते अन् म्हाताऱ्याईले लागते’ एवढेंच ते म्हणाले. आम्हीं एक घेतलें.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे वळतों.

बंजारा स्त्रिया कापड विणीत नसत. जाडेंभरडें कापड कोष्ट्याकडून, रंग रंगाऱ्याकडून. पण त्या कापडावर सुईनें जें होई तें सर्वस्वी त्यांचें. फेटिया म्हणजे मोठ्या घेराचा घागरा, काचळी म्हणजे चोळी, आणि ओढणी. यांवर आरसे, कवड्या, जुनीं नाणीं, घुंगरूं, आणि मधली सर्व जागा टांक्यांनीं भरलेली. याचें कारण त्यांच्या जीवनक्रमांत आहे. लवण म्हणजे मीठ, त्यावरून लमाण हें नांव पडलें असें पुष्कळ मानतात. हजारों बैलांचे तांडे तागाच्या गोणींतून मीठ व धान्य वाहून नेत. १८०३ मध्यें असईच्या व आपल्या वऱ्हाडांतील अडगांवच्या लढाईच्या वेळीं इंग्रज सेनापति वेलस्ली याच्या फौजेचें पोट याच बैलांवर अवलंबून होतें. अशा फिरत्या संसारांत भिंत नाहीं, कोनाडा नाहीं, पेटारा नाहीं. जें कांहीं शोभेचें व मोलाचें तें अंगावर असावयाचें. १८६७ मध्यें आगगाडी नागपूरपर्यंत पोंचली आणि बैलांचा धंदा बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें देशांत अनेक ठिकाणीं या लोकांच्या कपाळीं जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो पुसला गेला १९५२ च्या ऑगस्टांत. याच समाजांतील वसंतराव नाईक, शेजारच्या पुसद तालुक्यांतील गहुलीचे, १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हें वाचकांस ठाऊकच आहे.

गांवांत नगाऱ्याच्या आकाराची एक भव्य वास्तु उभी आहे. तेंच बंजारा विरासत संग्रहालय. ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. चार मजले, तेरा दालनें. मुलींनीं तें मोठ्या आवडीनें पाहिलें, व आम्हांसही समाधान वाटलें. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांच्या पोलिसी कागदांत तेवढा लिहिला गेला, त्यानें तो स्वतःच्या घरांत मांडावा हें योग्यच. तथापि कांचेआडचा फेटिया पाहून टांका कसा घातला हें कळत नाहीं. त्यासाठीं कापड उलटें करून पाहावें लागतें.

तें पाहावयास मिळालें वहिनींच्या एका विद्यार्थिनीच्या घरीं, जवळच्या तांड्यावर. तिची आजी ऐंशीच्या घरांतली. सारा तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणतो. नातीनें आमच्यासमोर फेटिया पसरला. तो याडीच्या लग्नांतला, तिच्या आईनें व मावशीनें तीन वर्षें बसून केलेला. मूळचा लाल आतां विटकरी झालेला; पण टांका एकही उसवलेला नाहीं. आत्याबाईंनीं विणकामाच्या सुया व लोकर बरोबर नेली होती. एवढ्या उन्हाळ्यांत लोकर विणणारें माणूस याडीनें जन्मांत पाहिलें नसावें. तिनें अर्धें झालेलें स्वेटर हातीं घेतलें, सुलट-उलट टांके निरखले, आणि टोंकाचा धागा किंचित् ओढून पाहिला. दोन ओळी सरसर उसवल्या. ‘एक धागा ओढला तं सारंच जाते काय, बाई?’ असें तिनें विचारलें, आणि आत्याबाईंस हंसूं आवरेना.

मग खरी गोष्ट निघाली. गेल्या वर्षीं शहराकडील एक व्यापारी तांड्यावर येऊन गेला होता. असे जुने फेटिये घेऊन तो त्यांचे तुकडे पाडतो. तुकड्यांच्या पिशव्या व उशांचे अभ्रे होतात, आणि ते मोठ्या दुकानांत चढ्या भावानें जातात. याडीच्या फेटियाचे त्यानें जे पैसे सांगितले ते त्या घरास लहान नव्हते. घरांतील माणसें दिवाळीनंतर ऊंसतोडीस जातात. नात बारावी झालेली, तिला परिचारिकेच्या अभ्यासक्रमास जावयाचें आहे, आणि पहिल्या वर्षाचा खर्च जवळजवळ तेवढाच. मुलीचा बाप विकण्याच्या मताचा. मुलगी स्वतः नको म्हणते. याडी कांहींच म्हणत नाहीं.

आम्हांस सल्ला विचारण्यांत आला. अशा वेळीं आमच्यासारख्या पाहुण्यांनीं संस्कृति-रक्षणाचीं भाषणें करणें हें आम्हांस अशोभनीय वाटतें. पोरीचें शिक्षण थांबवून फेटिया जपा, असें सांगण्याचा अधिकार ज्यांच्या मुली निर्वेध शिकल्या त्यांना मुळींच नाहीं. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं विकावयाचाच तर तुकडे न करणाऱ्यास द्यावा, घाई करूं नये, आणि त्याआधीं तो उतरून घ्यावा.

उतरून घेण्याची युक्ति आमच्या मोठ्या मुलीची. हे टांके मोजून घातलेले असतात; मग गणिताच्या वहींतील चौकटीच्या कागदावर प्रत्येक टांक्यास एक चौकट कां देऊं नये? दुसऱ्या दिवसापासून दोघी मुली व ती नात तांड्यावर बसूं लागल्या. एक मोजी, एक कागदावर भरी, आणि नात त्याप्रमाणें नव्या कापडावर, आमच्याच ओबडधोबड सुतानें, टांका घाली. पळसाचा रंग बाद ठरला. त्यासाठीं बाजारचा पक्का दोरा आणावा लागला. याडीस दिसत नाहीं. ती फेटियावरून बोटें फिरवी आणि कोठें मोजणी चुकली तें सांगे. ‘डोयाले सुई दिसत नाही, बोटाले दिसते,’ असें ती म्हणाली. काम चाललें असतां, एरवीं न बोलणारी ही बाई टांक्यांचीं नांवें सांगूं लागली, कोणता टांका कोणीं शिकविला, कोणत्या तांड्यावर कोणता चाले हें सांगूं लागली. नात तें सर्व गोरबोलींत, देवनागरी अक्षरांत, कागदाच्या कडेस लिहून ठेवी.

कर्नाटकांत संडूर येथें लंबाणी स्त्रियांच्या या कशिद्यास भौगोलिक मानांकन मिळालें आहे, त्या स्त्रिया त्यावर संसार चालवितात, आणि त्यांचें काम परदेशांतही जातें. वहिनींनीं ही माहिती बापास सांगितली. जुना कपडा एकदांच विकला जातो, नवा दर वर्षीं विकतां येतो, हा हिशोब त्यास पटला कीं नाहीं सांगवत नाहीं. मात्र त्यानें त्या आठवड्यांत मानोऱ्याहून स्वतः दोऱ्याच्या रिळांचा एक खोका आणून नातीपुढें ठेविला.

फेटियाच्या घेरावर एकंदर चौदा निरनिराळ्या पट्ट्या आहेत. मृगाचा पहिला पाऊस येऊन आम्ही निघालों तेव्हां नऊ कागदावर आल्या होत्या, चार कापडावर. अभ्यासक्रमाच्या अर्जाची मुदत अद्याप होती. व्यापाऱ्याचा निरोप आला होता कीं तो पोळ्यानंतर येईल. चौकटीचा कागद संपल्यामुळें आमच्या मुलींनीं घरीं येतांच दोन वह्या टपालानें पाठविल्या आहेत.