माझंवालं एस्सेल वर्ल्ड

अंधेरीतल्या एका एजन्सीसाठी मी फ्रीलान्स काम करते. परवा लंच टाइमला कुणीतरी एस्सेल वर्ल्डचा विषय काढला आणि अख्खं टेबल नॉस्टॅल्जिक झालं. मार्व्हेची फेरीबोट, झिपर डिपरची रांग, मॉन्स्टर इन द मिस्टमधल्या किंकाळ्या, आइस स्केटिंग करताना आपटलेलं बूड... १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेलं हे पार्क २०२२ मध्ये बंद झालं. त्या राइड्स आता फक्त गप्पांमध्ये.

"तू कुठली केलीस गं?"

"झिपर डिपर!" मी ठोकून दिलं.

खरं सांगू? मी एस्सेल वर्ल्डला कधी गेलेच नाही.

मी यवतमाळची. २००९ साली सहावीत होते. शाळेची ट्रिप मुंबईला निघाली होती, एस्सेल वर्ल्डसकट! टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे मी तिथे मनानं कधीच पोचले होते. फी अडीच हजार. नेमका त्याच वर्षी बाबांच्या कापसाचा चुकारा अडकला. ट्रिप माझ्याशिवाय गेली. मी दोन दिवस फुगून बसले.

मग एक दिवस बाबा म्हणाले, "चाल वं, तुले आपली राइड दाखवतो." आणि घेऊन गेले थेट शकुंतलेच्या स्टेशनवर.

शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज. ब्रिटिश कंपनीनं इथला कापूस वाहून न्यायला टाकलेली. १९९४ पर्यंत वाफेवर चालायची, माझ्या वेळी डिझेलवर. स्पीड विचारू नका! वाटेत फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकली की ते उघडून परत चढायचा. मी खिडकीतून हे बघत खिदळत होते. बाबा म्हणाले, "तो मुंबईचा पाळणा गोल फिरते अन् हाय तिथंच उतरवते. हे गाडी कुठंतरी नेते तं खरं!" दारव्ह्याला उतरलो, आलुबोंडा खाल्ला आणि एसटीनं घरी.

पुढे एका लग्नात मावसबहिणींसमोर मी पहिल्यांदा थाप मारली, एस्सेल वर्ल्ड केलं म्हणून. बाबा मागेच उभे होते. माझं तोंड पांढरंफटक पडलं. ते शांतपणे म्हणाले, "हो ना, लय भेली होती ते पाळण्यात."

त्यानंतर आम्ही दोघं त्या विषयावर कधीच बोललो नाही.

२०२२ मध्ये पार्क बंद झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांचा फोन आला. "तुह्यावालं एस्सेल वर्ल्ड बंद झालं म्हंते." क्षणभर थांबून म्हणाले, "पैसे आले तवा न्याले पायजे होतं तुले." इतकी वर्षं हे ओझं ते एकटेच वागवत होते, आणि मी मात्र मजेत थापा मारत होते.

शकुंतलाही आता आमच्या मार्गावर धावत नाही. म्हणजे माझीही एक राइड गेलीच की! मग लाज कसली?

काल लंचला मी सगळ्यांना खरं सांगून टाकलं. सेकंदभर शांतता. मग बोरिवलीत वाढलेला एक जण म्हणाला, "थांब, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा? नीट सांग ना!"

मग काय, चहा येईपर्यंत सगळं टेबल शकुंतलेत बसलं होतं. रात्री बाबांना फोन करून हे सांगितलं. ते इतकंच म्हणाले, "आलुबोंड्याचं सांगतलं का त्याईले?"