किनारा इसापूरचा, धबधबा सहस्रकुंडाचा

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, पण म्हणून किनाराही नाही असं कुणी म्हणू नये. पुसद तालुक्यातल्या शेंबाळपिंपरीकडून इसापूर धरण भरलेलं पाहावं. पलीकडचा काठ शोधायला डोळे बारीक करावे लागतात. कोकणातले सायकलवाले वाळूतून निघून धबधब्यापर्यंत जात असतील; आमचा किनारा हा, आणि धबधबा उमरखेड तालुक्यातल्या मुरलीजवळचा, सहस्रकुंडाचा. दोन्ही एकाच पैनगंगेवर. मधल्या टप्प्यात नदी खाली उतरते, कयाधूला पोटात घेते आणि सहस्रकुंडानंतर माहूरच्या दिशेने वर वळते. त्या वळणाच्या कुशीत सागाचं जंगल आहे, बंदी भाग म्हणतात त्या जंगलपट्ट्यातली गावं आहेत आणि आमची सायकलची वाट आहे. डांबरीने गेलात तर शंभर किलोमीटरच्या आतलं काम. पण डांबरीने जायचं कुणाला?

ऐंशीच्या दशकात हा प्रश्न विचारला असता तर लोक हसले असते. धरण १९८२ चं, त्याच्या भिंतीचं नवेपण अजून गेलं नव्हतं, आणि रस्ता म्हणजे मुरूमच. नशीब असेल तर वर गिट्टी अंथरलेली, रोलर यायची वाट पाहत महिनोन्‌महिने पडलेली. सहस्रकुंडाला जायचा बेत पानठेल्यावर शिजायचा. नकाशा कुणाकडे नव्हता, नकाशाचं काम माणसं करायची. एसटीचा कंडक्टर, ढाणकीच्या बाजाराला आलेले शेतकरी, जंगलात तेंदूपत्त्याला जाणारे. "त्या नाल्यातून नोका जाऊ बाप्पा, काल बंडी फसली तिथं," एवढं एका माणसाने सांगितलं की अख्खा मार्ग बदलायचा. कुणाच्या मामाचं गाव वाटेत पडतं याची चौकशी तर सगळ्यात आधी. मुक्काम, जेवण आणि मोडलेली सायकल ठेवायची जागा, तिन्ही त्या मामाच्या ओसरीवर.

सामान विचाराल तर सोल्युशनची ट्यूब, जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे, कानस, पाना, वॉलट्यूबची एक वेटोळी आणि कॅरिअरला बांधलेला पंप. सायकल वडिलांची, ॲटलस. समोर ४४ दातांचं चक्र, मागे १८ चं फ्रीव्हील, गिअर एकच. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं. त्यात कमीपणा काही नव्हता, दूधवालाही ढकलत होता. कच्च्या रस्त्यासाठी ग्रॅव्हल बाईक घेणाऱ्या आजच्या लोकांना मी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ती तुमची चाळीस मिलिमीटरची जाड टायरं, जी दुकानदार नवा शोध म्हणून दाखवतो ना, तेवढीच जाडी जवळपास आमच्या २८ × १½ च्या टायरची होती. वाईट रस्त्यासाठीच ती सायकल घडली होती. त्या ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. हा योगायोग मला अजून पचलेला नाही.

आता मुरूम शोधावा लागतो. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली आणि एकेक गाव डांबराला जोडलं गेलं. ते व्हायलाच हवं होतं. बाळंतिणीला बंडीतून उमरखेडला नेताना ज्यांनी पाहिलंय त्यांनी मुरमाच्या रस्त्याचं कौतुक करू नये, मीही करत नाही. पण आमच्या सायकल ग्रुपमधली पोरं रात्री मोबाइलवर उपग्रहाचं चित्र मोठं करकरून कालव्याकाठची तपकिरी रेघ हुडकतात, तेव्हा गंमत वाटते. आम्ही जे टाळायला माणसं विचारत होतो, तेच हे हौसेने गोळा करतात. जगभर हेच चाललंय म्हणा. अमेरिकेत कान्सासमधल्या एम्पोरियाहून २००६ पासून गिट्टीच्या रस्त्यावर २०० मैलांची शर्यत होते, आणि तिथे जायला लोक पैसे मोजतात.

खरं आव्हान मात्र अंतराचं नाही, काळ्या मातीचं आहे. धबधबा ऐन भरात असतो श्रावण-भादव्यात, आणि तेव्हाच आपली माती चाकाला पकडते. आमच्या वेळी ती मडगार्डमध्ये इतकी गच्च बसायची की चाक फिरायचं थांबायचं. काडीने कोरत बसा. आजच्या लाखभराच्या सायकलला मडगार्ड नाही, पण माती चिमट्यात बसते, आणि गिअर बदलणाऱ्या डिरेलरमध्ये गेली की काडीनेही भागत नाही. म्हणजे पाणी हवं तर रस्ता नाही, रस्ता हवा तर पाणी ओसरलेलं. मधला जो थोडा काळ, उघडीप पडून मुरूम घट्ट झालेला पण खडकावरून धारा अजून कोसळताहेत, तो पकडायचा. पूर्वी तो पोळ्यानंतर केव्हातरी यायचा आणि आभाळ बघून कळायचा. जुनी माणसं सांगत, दिवाळीपर्यंत नदीला खळ नसे.

आता तो काळ आभाळाइतकाच धरणावर ठरतो. इसापूर तुडुंब भरलं आणि दरवाजे उघडले तर सहस्रकुंडाचा काळा कातळ दिसत नाही इतकं पाणी. धरणात तूट असली तर कयाधू आणि नाले आणतील तेवढंच. उन्हाळ्यात तर नदीकाठची गावं पात्रात पाणी सोडा म्हणून आंदोलनं करतात. पूर्वी बेत रस्त्यावर अडायचा, आता पाण्यावर अडतो.

वाटेतल्या पैनगंगा अभयारण्यातून आडवाट काढायची नाही, अंधाराआधी जंगल मागे टाकायचं, हेही बेतात लिहावं लागतं. पूर्वी अस्वलाची भीती दाखवत, आता वाघाची. ती खोटी नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ पैनगंगा अभयारण्य ओलांडत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेला. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून कळलं. आमच्यातला एकजण तोच मार्ग सायकलने करायचा म्हणतोय; त्याला घरून परवानगी मिळायची नाही.

यंदाचा वाद निघायच्या वेळेवर आहे. पोरं म्हणतात पहाटे चारला, दिवे आहेत की. माझं म्हणणं, उजाडल्यावर. ढाणकीत आलूबोंडा गरम मिळायला हवा. तारीख कुणीच सांगत नाही. धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की दोन दिवस उघडीप बघायची आणि निघायचं, एवढंच ठरलंय.