नाजूक पोरगी

आमच्या पोलादपूरच्या मामाच्या घरात आजारपणाचे फारसे लाड नव्हते. ताप आला की काढा, काढ्याने उतरला नाही की महाडचे डॉक्टर, विषय संपला. अपवाद फक्त माझ्या मामेबहिणीचा. पाऊस सुरू झाला की तिची छाती भरायची, कान फुटायचा. न्यूमोनिया दोनदा होऊन गेला. "पोरगी नाजूक आहे" हे निदान अख्ख्या आळीने मिळून केलेलं, आणि दोष सावित्रीकाठच्या ओल्या हवेला.

लग्न होऊन ती इंग्लंडला गेली. हवा बदलली, छाती भरायची ती भरतच राहिली. तिशीच्या आसपास तिथे नीट रक्त तपासलं तेव्हा कळलं की तिच्या शरीरात अँटीबॉडीज पुरेशा तयारच होत नाहीत. आजाराचं नाव कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी. ("कॉमन कसलं डोंबलाचं!" इति मामी.)

हा आजार सहसा बरा होत नाही, पण सांभाळता येतो. हजारो लोकांच्या प्लाझ्मामधून वेगळं काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन कायम घेत राहायचं. 1952 साली ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका आठ वर्षांच्या मुलाला ते कातडीखाली टोचून दिलं होतं. पुढे शिरेतून द्यायची पद्धत रुळली. आता पुन्हा कातडीखाली, आणि तेही पेशंटने घरी स्वतःच्या हाताने!

गेल्या वेळी ती गणपतीला आली तेव्हा हा प्रकार आम्ही प्रथमच पाहिला. हात धुतले, सिरिंज भरली, पोटावर दोन बाजूंना दोन बारीक सुया लावल्या, छोटा पंप सुरू केला आणि बाई तासभर मामीबरोबर मोदकांच्या सारणाला बसल्या. नंतर सुपारीएवढ्या दोन गाठी राहतात, त्या दुसऱ्या दिवशी विरतात. हे दर आठवड्याला.

मी विचारलं, "हॉस्पिटलपेक्षा बरं ना?" तिने लगेच हो म्हटलं नाही. "बरंच," म्हणाली, "महिन्याच्या शेवटी गळून जायचे, ते थांबलं. रजा टाकाव्या लागत नाहीत. पण तिथे शेजारच्या खुर्चीत माझ्यासारखीच कुणीतरी असायची. नर्स विचारायची, कशी आहेस. आता रविवारी कंटाळा आला तरी मीच पेशंट आणि मीच नर्स."

आणि पोलादपुरात तर घरालाच नर्स व्हावं लागतं. तिचं औषध फ्रीजबाहेर 25 अंशांपर्यंतच चालतं, म्हणजे आपल्याकडे फ्रीज हवाच. वीज गेली की मामी थर्मासच्या डब्याशी. बर्फ हवा, पण बाटलीला चिकटता कामा नये, कारण औषध गोठलं तर वाया. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा ती इथे असती तर काय, हा विचार मामीच्या डोक्यातून जात नाही.

हे सगळं लिहायचं कारण मात्र दुसरंच. महाडात आमच्या ओळखीत एक मुलगा आहे, त्यालाही जन्मापासून असाच आजार. त्याला औषध शिरेतून मिळतं, मुंबईला जाऊन, दर महिन्याला. पहाटे निघायचं, दिवस हॉस्पिटलात, रात्री परत. आपल्याकडे बहुतेकांचं असंच चालतं. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात या आजारांचा समावेश आहे, परळचं केईएम त्यातल्या केंद्रांपैकी एक, आणि 2022 पासून मदतीची मर्यादा 50 लाख रुपये झाली. पण पेशंटला मुंबईपर्यंत पोचावं तर लागतंच. दिलेल्या औषधातलं साधारण निम्मं तीन आठवड्यांत शरीरातून कमी होतं, ते रस्ता चालू की बंद हे बघत नाही.

जुलै 2021 च्या महापुरात महाड पाण्याखाली गेलं, त्याच आठवड्यात त्याचा डोस होता. दहा दिवस उशीर झाला. "त्या दहा दिवसांत तो नुसता खोकला तरी मी उठून बसायचे," त्याची आई सांगते.

गणपतीत ही माउली मामेबहिणीला भेटायला मुद्दाम पोलादपूरला आली. पंप हातात घेऊन पाहिला, किंमत विचारली आणि गप्प झाली. मला फार अवघडल्यासारखं झालं. मग बहिणीने आपली वही काढली. तारीख, बाटलीवरचा बॅच नंबर, किती घेतलं, कुठे टोचलं, नंतर कसं वाटलं, मध्ये किती वेळा ताप आला, सगळं लिहिलेलं. "ताई, हे मला जमेल," ती बाई म्हणाली.

परवा बाजारात भेटली. शंभर पानी वहीची अकरा पानं भरली होती. आता डॉक्टर आधी वही मागतात म्हणाली.