पायाखालचे मॉरिशस

मॉरिशस म्हटले की डोळ्यांपुढे निळे पाणी आणि पांढरी वाळू येते. परंतु हे बेट मुळात काळ्या पाषाणाचे आहे. भूशास्त्रज्ञ असे मानतात की, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील ज्या तप्त स्रोताने दख्खनच्या पठारावर लाव्हा ओतला, त्यानेच पुढे, सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी, हे बेट समुद्रातून वर आणले. सह्याद्रीत हिंडलेल्या पावलांना म्हणूनच येथील वाट परकी वाटत नाही.

बेट लहान आहे आणि वाहने आपल्याप्रमाणेच डावीकडून चालतात. आपण भाड्याची मोटार घेतली, तर कोठेही सहज पोहोचाल. मात्र दिवसभर बसूनच राहण्याचा धोका असतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसविला आहे. डॉक्टरांनी चालण्यास अनुमती दिली, उभ्या चढणीस नाही. तेव्हा आम्ही उभयतांनी नियम केला : दर तासा-दीड तासाने गाडी थांबवायची आणि निदान वीस मिनिटे चालायचे.

पहिला थांबा क्युरपिप गावातील निद्रिस्त ज्वालामुखीच्या मुखाचा ठेवावा. सुमारे 300 मीटर रुंदीची ती खोलगट वाटी आज झाडीने भरली आहे. काठावरून गोल रस्ता जातो. त्यावर गावकरी सकाळी फिरावयास येतात. येथे पाऊस केव्हाही येतो, म्हणून पातळ रेनकोट जवळ असावा.

दक्षिणेकडे निघालात की गंगा तलाव लागतो. हेही ज्वालामुखीचेच विवर, पाण्याने भरलेले. महाशिवरात्रीस बेटाच्या कानाकोपऱ्यातून भाविक कावडी घेऊन येथे पायी येतात. शामारेलकडे उतरणारा रस्ता फार वळणांचा आहे. गाडी लागत असेल, तर न्याहारी हलकी घ्यावी, पुढच्या आसनावर बसून दूरवर पाहावे. आम्ही आलेपाकाच्या वड्याही जवळ ठेवल्या होत्या. शामारेलची सप्तरंगी माती म्हणजे झिजलेला लाव्हाच. लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांमुळे तिला ते रंग आले आहेत.

वाटेत उसाच्या मळ्यांत काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतील. तेथे अवश्य उतरावे. 1834 नंतर पोर्ट लुईच्या बंदरात जे लक्षावधी करारबद्ध मजूर उतरले, त्यांत आपल्या कोकणातलीही माणसे होती. मळ्यांतले दगड अशाच मजुरांनी हातांनी वेचून रचले. मोटारीतून तो नुसता ढीग दिसतो. जवळ जाऊन एकाच दगडावर हात ठेवला, की त्याच्या वजनाचा अंदाज येतो.

शेवटच्या दिवशी नैर्ऋत्य टोकाच्या ल मोर्न या 556 मीटर उंच डोंगराकडे गेलो. पळून आलेले गुलाम येथील कडेकपारींत आश्रय घेत. त्यांची स्मृती जपणारे हे स्थळ 2008 पासून जागतिक वारसा आहे. सकाळी लवकर निघालो. प्रत्येकाजवळ दीड लिटर पाणी, डोक्यावर टोपी. पहिली वाट रुंद आणि सौम्य चढाची आहे. पुढे मात्र कातळ उभा राहतो आणि हातांचा आधार घ्यावा लागतो.

तेथे मी थांबलो. मागून आलेले माझ्या वयाचे गृहस्थ भराभर वर चढले. मीही एक पाय कातळावर ठेवला. श्वास अजून जुळला नव्हता. पत्नी काहीच बोलली नाही. तिने फक्त पाण्याची बाटली पुढे केली. मी पाय खाली घेतला.

आम्ही तेथेच सावलीत बसलो. खाली प्रवाळाची पांढरी रेघ आणि तिच्या आत उथळ, हिरवट पाणी. मन थोडे खट्टू झाले होते, हे नाकारीत नाही. पण दहाच्या सुमारास खाली उतरताना पाय थरथरत नव्हते, छाती शांत होती, आणि संध्याकाळी किनाऱ्यावर पुन्हा एक तास चालण्याचे बळ उरले होते.

आपणही या बेटावर जाल, तेव्हा चढण्याआधीच परतण्याची जागा ठरवून ठेवा. कोणता कातळ आपला नाही, हे आपल्या श्वासाला आधी कळते, त्याचे ऐकावे.