मैदान आखणाऱ्याची नजर

वाचकहो, गोल्फ हा धनिकांचा खेळ, त्याचा आपल्या घरच्या आरोग्याशी काय संबंध, असे आपण म्हणाल. आक्षेप निम्मा खरा आहे. उरलेल्या निम्म्याविषयी थोडे लिहितो.

मी मूळचा गेवराई तालुक्यातील तलवाड्याचा. नोकरीमुळे पुण्यात आलो आणि पन्नाशीनंतर येरवड्याच्या मैदानावर गोल्फ खेळू लागलो. प्रथम माझे सारे लक्ष चेंडूकडे असे. बासष्टाव्या वर्षी गुडघे झिजू लागले, फटक्याची लांबी घटली. खेळ सोडावा की काय, असा प्रश्न उभा राहिला आणि तेव्हा कुठे मी मैदान पाहू लागलो. पूर्वी ज्या वाळूच्या खड्ड्यावरून चेंडू सहज जाई, तो बंकर आता आडवा येतो. मात्र त्याच्या डावीकडे गवताची रुंद पट्टी मोकळी सोडलेली आहे. त्या वाटेने एक फटका अधिक लागतो. पण माणूस पोहोचतो. दुबळ्या खेळाडूची सोय कोणी तरी आधीच करून ठेवली होती.

ही दृष्टी मला समजावली ती डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांच्या लेखनाने. हा गृहस्थ पेशाने वैद्य. बोअर युद्धात नैसर्गिक चढउतारांआड सैनिक कसे दडतात, हे त्याने पाहिले आणि पुढे बॉबी जोन्ससह ऑगस्टाचे प्रसिद्ध मैदान आखले. दुर्बलासाठी पर्यायी वाट हवीच, हा त्याचा आग्रह. ज्या रोग्यांना त्याने गोल्फकडे वळवले, ते पुन्हा दवाखान्यात क्वचितच दिसले, असेही तो सांगतो. अठरा होल पायी खेळल्यास आठ-दहा किलोमीटर चालणे घडते, हे ध्यानात घेतले की यात नवल वाटत नाही. स्वीडनमधील तीन लाख गोल्फपटूंच्या पाहणीत त्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्के कमी आढळला. अर्थात, मुळात धडधाकट माणसेच खेळायला येतात, ही शंका मला सुटत नाही.

गावी गेलो की त्वरितादेवीच्या टेकडीभोवतीचा माळ मी आता याच नजरेने पाहतो. पाणी कोणत्या ओघळीने उतरते, वारा चुकवायला मेंढ्या कुठे बसतात! स्कॉटलंडमधील बंकर मेंढ्यांच्या अशाच आडोशांतून झाले, असे म्हणतात. तिथल्या सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर १७६४ पासून अठरा होल आहेत आणि त्याचा बराचसा आराखडा भूमीनेच केलेला आहे. इथे मात्र टँकरची वाट पाहणाऱ्या गावात हिरवळीला पाणी घालण्याचा विचारही मला पाप वाटतो. कोरड्या प्रदेशांत तेल मिसळलेल्या वाळूचे ‘ब्राउन’ करून खेळत, तेच शहाणपणाचे.

आपल्या गावच्या माळावरही अशा दोन वाटा असतील, शोधून पाहा. मी मेंढ्यांच्या वळणावळणाच्या पायवाटेने चढतो. सौभाग्यवती सरळ चढून जातात आणि वर माझी वाट पाहत बसतात.